रीत कुणी पाडली?

संपादकाने माझ्याकडे कविता मागितली होती. कविता दोन रात्रींत झाली असती. पण २०२४ च्या उन्हाळ्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही आणि ती कवितेत मावत नाही. म्हणून हा लेख लिहितोय. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. दहावीनंतर शाळा सुटली. त्यापुढचं जे काही वाचन झालं ते रात्रपाळी करून आल्यावर, डोळ्यांवर पाणी मारून. चुकलं असेल तर खुशाल सांगा. पण वाचून विचार करा.

प्रश्न साधा आहे. आपण जसं वागतो, जसं गातो, जशी कविता लिहितो, ते कुणी ठरवलं? आपण ठरवलं का? की आधीच कुणीतरी ठरवून ठेवलं होतं आणि आपण त्यात जाऊन बसलो?

१

भीमेवर उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि नदीकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव त्यातलंच. माणसं वर सरकली, नवं गाव वसलं, पळसनाथाला नवं देऊळ झालं. जुनं देऊळ तिथंच राहिलं. एरवी पाण्यावर त्याचं शिखर तेवढं दिसतं. पाणी फार खाली गेलं की गाळ वाळतो, भेगाळतो, आणि माणूस चालत थेट दारापर्यंत जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तसं झालं. लांबलांबून लोक बघायला आले. मीही आजीला घेऊन गेलो.

आजी ऐंशीच्या घरातली. तिचं माहेर नदीकाठचंच, पण दुसरं गाव. तेही बुडालं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्या गावात देवळापासून किती लांब उभं राहायचं हे तिला चालायला लागल्यापासून माहीत होतं. एक लिंबाचं झाड होतं, त्याच्या अलीकडे. पळसदेवच्या देवळात ती आधी कधी गेलीही नव्हती. तिथे तिला कुणी कधी अडवलं नव्हतं, कारण ती तिथे कधी आलीच नव्हती.

आम्ही गाळ तुडवत गेलो. दार वीसेक पावलांवर राहिलं आणि आजी थांबली.

मी म्हणालो, "चल की आत."

"तू ये जाऊन. मी हितंच बरी हाय."

"अगं, कोण अडवणार हाय हितं? आत देवसुदिक न्हाई."

"आडवतंय कोण? पायच थांबलं."

मला राग आला. आजीचा नाही, त्या पायांचा. मी तावातावाने पुढे निघालो आणि मागून आजी हसायला लागली. वळून बघितलं तर ती माझ्या पायांकडे बोट दाखवत होती. मी अनवाणी होतो. उंबऱ्याच्या अलीकडे चपला काढल्या होत्या. कधी काढल्या ते माझं मलाच कळलं नव्हतं. खाली दगड तव्यासारखे तापलेले, आत मूर्ती नाही, पूजा नाही, पुजारी नाही. आणि मी, दर १४ ऑक्टोबरला माईकवर बावीस प्रतिज्ञा म्हणणारा कार्यकर्ता, चपला काढून उभा!

आजी म्हणाली, "मला इचारतूस कोन आडवतंय. तुला कुनी सांगितलं रं चपला काढाय?"

मित्रांनो, मला उत्तर देता आलं नाही. अजून देता येत नाही. नियम करणारा मेला. नियम पाळायला लावणारं गाव पाण्यात गेलं. नियम ज्याच्या नावाने होता तो देव दुसरीकडे हलवला. कायदा बदलला. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली, १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. एवढं सगळं होऊनही नियम शिल्लक राहिला. कुठे? तर तिच्या पायांत आणि माझ्याही पायांत. यालाच लोक रीत म्हणतात. रीत म्हणजे हुकूम देणारा निघून गेल्यावर मागे राहिलेला हुकूम.

२

मग चपला घालून मी आत गेलो, बाहेर आलो, आवारातले दगड बघितले. तिथे वीरगळ आहेत, सतीशिळा आहेत. महाराष्ट्रात जुन्या देवळांच्या आसपास असे दगड शेकड्याने सापडतात. आपण त्यांना शेंदूर फासतो नाहीतर त्यांच्यावर कपडे वाळत घालतो.

वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्याची आठवण. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली वीर मरून आडवा पडलेला. गुरं वाचवताना मेला असेल तर बाजूला गुरं कोरलेली. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. सगळ्यात वर तोच वीर महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला, आणि टोकाला चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. आता दुसऱ्या गावात जा, तिसऱ्या जिल्ह्यात जा. तेच कप्पे, तोच क्रम, तोच चेहरा. एवढी माणसं मेली, प्रत्येकाची आई वेगळी, प्रत्येकाचं मरण वेगळं, आणि दगडावर सगळे एकाच छापाचे. बहुतेकांवर नावही नाही.

सतीशिळेचं तर त्याहून वाईट. तिथे बाईचा नुसता हात असतो. कोपरात वाकलेला, पंजा वर, मनगटात बांगड्या. बांगड्या फुटल्या नाहीत, म्हणजे सवाष्ण गेली, एवढंच सांगायचंय. बाई चितेवर चढली की चढवली, रडली की ओरडली, हे सांगायला त्या नमुन्यात जागाच नाही. पाथरवटाने ते बघितलं असेल. त्याच्या हाताला ते कोरताही आलं असतं. पण गिऱ्हाइकाला हात पाहिजे होता, म्हणून त्याने हात कोरला. पुढच्या पाथरवटाने आधीचा दगड बघून कोरला. दोन-चार पिढ्यांनी सतीचा दगड असाच असतो असं झालं. आणि गावातल्या पोरीबाळी तो हात बघत मोठ्या झाल्या. चांगली बाई म्हणजे काय, हे त्यांना त्या दगडाने शिकवलं.

माझं म्हणणं इथे आहे. वागण्याची रीत आधी जबरदस्तीने किंवा गरजेने पडते. मग कला तिला देखणी करते. मग ती देखणी कला पुढच्या पिढीला वागायला शिकवते. हे चक्र एकदा फिरायला लागलं की रीत कुणी पाडली हे कुणी विचारत नाही. ती वाऱ्यापावसासारखी आपोआप आलीय असं वाटतं.

याच भीमेच्या काठी, पळसदेवच्या बरंच वर, कोरेगावला दुसरा एक दगड उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. तो कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला, आपल्यासाठी नव्हे. तोही एका ठरलेल्या नमुन्याचाच, साहेबाच्या देशातला उंच खांब. पण त्या नमुन्यात एक गोष्ट होती जी वीरगळात नव्हती. त्यात मेलेल्या शिपायांची नावं कोरायची पद्धत होती. म्हणून 'नाक' ने संपणारी बावीस नावं दगडावर आली. चेहरा नाही, पण नाव आलं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि साहेबाच्या विजयाचा खांब आपल्या पराक्रमाची खूण झाला. खांब तोच राहिला, अर्थ मात्र बदलला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

३

आता नदीबरोबर खाली चला. पळसदेवहून भीमा पंढरपूरला जाते आणि तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. नदी जाते, पण चोखोबाला देवळात जाता आलं नाही. मंगळवेढ्याचा हा माणूस १३३८ साली गावकुसाचं काम करताना भिंत पडून मेला. त्याची समाधी देवळाच्या महाद्वारासमोर, बाहेर. मेल्यावरही बाहेर! देवळाचं दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

चोखोबाने प्रश्न विचारले. विटाळ कशाचा, कुणाला, हे त्याने विचारलं. पण उत्तर द्यायची वेळ आली की त्याच्या नावावरच्या अभंगांत पूर्वजन्माचं पाप येतं. का? तो भित्रा होता म्हणून? नाही. अभंगाचा जो ठरलेला साचा होता, त्यात प्रश्नाला जागा होती, दुःखाला जागा होती, पण व्यवस्थेला दोषी ठरवायला जागा नव्हती. त्याचा पोरगा कर्ममेळा बापापेक्षा कडक बोलला. तरी शेवटी त्यालाही देवापुढेच भांडावं लागलं, कारण भांडायला दुसरं कोर्टच नव्हतं. चोखोबाला नावं ठेवणाऱ्या मित्रांनी हे समजून घ्यावं. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं, ते उगाच नव्हे.

त्याच काळापासून चालत आलेली आपली एक रीत म्हणजे जोहार. महाराने गावात कुणी वरच्या जातीचा दिसला की थांबायचं, वाकायचं, जोहार घालायचा. ही वागण्याची रीत. आता तिची कला कशी झाली ते बघा. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडं रचली. त्यात 'जोहार' नावाचा एक प्रकारच आहे. त्यात महार येतो, आधी जोहार घालतो, मग ज्ञानाच्या गोष्टी सांगतो, मोठमोठ्यांना सुनावतो. एकनाथांचं मन मोठं होतं, मी नाकारत नाही. ब्राह्मणाने महाराच्या तोंडी ज्ञान घालणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पण तो महार काही बोलण्याआधी वाकतो! वाकल्याशिवाय त्याला बोलायची परवानगी नाही. भारूड बघणारा महार काय शिकला असेल? शहाणपण सांगायचं असेल तरी पहिल्यांदा कमरेत वाकायचं. तीनशे-चारशे वर्षं हे गावोगाव गायलं गेलं.

४

ही रीत मोडली कशी? अपोआप मोडली नाही. काळाबरोबर गेली असं जे म्हणतात ते खोटं आहे. ती एकेक करून, नाव घेऊन मोडावी लागली.

मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं हे आपण सगळे सांगतो. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेलं ढोर ओढू नका, त्याचं मांस खाऊ नका, शिळे तुकडे मागू नका हेही सांगितलं. त्याच साली डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळली आणि त्याच वेळी बायांपुढे जे भाषण झालं त्यात काय होतं? लुगडं गुडघ्यापर्यंत नेसू नका, घोट्यापर्यंत नेसा. गळ्यात-हातात कथील-चांदीचं ओझं घालू नका. बघा तर! एवढा मोठा बॅरिस्टर, मनूचा ग्रंथ जाळून आलेला, आणि नेसण कशी असावी हे सांगतोय. का? कारण त्याला ठाऊक होतं की मनू ग्रंथात कमी आणि नेसणीत जास्त असतो. ग्रंथ एका दुपारी जाळता येतो. लांबून बघताच जात ओळखू यावी अशी जी नेसण शतकानुशतकं अंगावर चढवली, ती रोज सकाळी उठून बदलावी लागते. बायांनी ती दुसऱ्याच दिवशी बदलून दाखवली, असं त्या सत्याग्रहाच्या हकिकतीत आहे.

जोहाराचंही तसंच. जोहार बंद करा एवढं सांगून भागत नव्हतं. माणूस माणसाला भेटला की तोंडातून काहीतरी येणारच. जुना शब्द काढला की तिथे खड्डा पडतो, आणि नवा शब्द नाही घातला तर जुनाच परत येऊन बसतो. कामठीचे बाबू हरदास एल. एन. हे विडी कामगारांचे पुढारी. १९३० च्या दशकात 'जय भीम' रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले. शब्द राहिला. जोहारला वाकावं लागायचं. जय भीम वाकून म्हणताच येत नाही, म्हणून बघा. आणि महारकीचं वतन, ज्याच्या जोरावर हा सगळा राबता चालायचा, त्याच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात बिल आणलं होतं. ते वतन कायद्याने जायला १९५८ साल लागलं. तीस वर्षं!

५

आता कलेकडे येतो, कारण आपण लिहिणारी-गाणारी माणसं आहोत आणि आपल्याला इथेच काम आहे.

तमाशा कुणाचा? महार, मांग, कोल्हाटी यांचा. पुणे जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तमाशाचा क्रम ठरलेला. ढोलकी-हलगीची सलामी, मग गण, मग गवळण, त्यात पेंद्या आणि मावशी, मग बतावणी, रंगबाजी, शेवटी वग. सावळजच्या उमा-बाबूंचा 'मोहना बटाव' हा पहिला वग १८६५ चा धरतात. या क्रमाला कारणही होतं. खेड्यात माणसं जेवूनखाऊन, गुरंढोरं बांधून येणार. ती जमेपर्यंत गण-गवळणीत वेळ जातो, वग सुरू होताना मैदान भरलेलं असतं. म्हणजे क्रम गरजेतून आला. पण गणात गणपतीच का? ज्या गणपतीच्या देवळात या कलावंतांना पाय ठेवता येत नव्हता, त्याच्यापुढे रोज रात्री पहिलं गाणं का म्हणायचं? कुणाही जुन्या फडकऱ्याला विचारा. तो सांगेल, रीत आहे.

हा प्रश्न आपल्या आधीच्यांनी विचारला आणि त्यांनी काय केलं ते नीट बघा. १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. पुढे सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी तमाशा फेकून दिला नाही. ढोलकी ठेवली, क्रम ठेवला, गणसुद्धा ठेवला. पण गणपती म्हणजे गणांचा, म्हणजे लोकांचा पुढारी, असा अर्थ लावला. लोकांना ओळखीचं घर मिळालं, आत मालक दुसरा!

१९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडचे भीमराव कर्डक त्यात आघाडीवर. त्यांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिलं म्हणून आज आपल्याला ही हकिकत कळते. ज्यांनी लिहून ठेवलं नाही त्यांचे जलसे त्यांच्याबरोबर गेले. या जलशांनी गणातून देवाला रजा दिली. तिथे बाबासाहेब आले, चळवळ आली. बतावणीच्या जागी मेलेलं ढोर, वतन, दारू, पोरांची शाळा यांच्यावरचे सवाल-जवाब आले. ज्या माणसाला भाषण कळत नव्हतं त्याला बतावणी कळत होती. हसता हसता त्याच्या हातातली ढोराची दोरी सुटली.

अण्णा भाऊ साठे यांनी १९४४ साली मुंबईत अमर शेख, गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. त्यांनी गणात गणपतीऐवजी मातृभूमीला, कष्टकऱ्यांना वंदन केलं, गवळण काढूनच टाकली. स्वातंत्र्याच्या आसपास सरकारने तमाशावर बंदी घातली तर याच खेळाला लोकनाट्य म्हणून ते उभे राहिले. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत मिळेल ते काम करणारे, मोठेपणी अक्षर शिकलेले. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं ते हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर. प्राध्यापक लोक याला उसनवारी म्हणतात. मी म्हणतो ही कोरेगावच्या खांबाचीच गोष्ट आहे. चाल लोकांच्या कानात आधीच बसलेली. तिच्यात आपले शब्द भरले की गाणं एका रात्रीत वस्तीवस्तीत जातं.

सगळ्यांची पद्धत एकच. साच्यातली प्रत्येक जागा हातात घेऊन विचारलं, ही जागा कशासाठी आहे? माणसं जमवायला आहे, तर ठेवू. आम्हाला वाकवायला आहे, तर तिथे दुसरं काही घालू. नुसता 'नकार' ओरडून साचा मोडत नाही मित्रांनो. साच्यात रोज हात घालणाऱ्यालाच त्याचा कुठला खिळा कुठे आहे ते कळतं. गिरणीत काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

पण मी सगळंच गोड सांगणार नाही. जलशाने जुनी रीत मोडली आणि एक नवी पाडली. बाई स्टेजवरून गेली. जलशात बायांची कामं पुरुष करत. कारण उघड होतं. तमाशात आपल्या बायांच्या अंगावर पैसे फेकले जात, त्यांच्याकडे वाईट नजरेने बघणं हीच खेळाची रीत होती. ती अब्रू परत मिळवायची होती. ते बरोबरच होतं. पण मग संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा, आपल्याच जातीत जन्मलेली, तमाशाच्या फडावर स्त्री म्हणून पहिल्यांदा उभी राहिली असं जिच्याबद्दल सांगतात, तिचं आपण काय केलं? पठ्ठे बापूरावाची गोष्ट सांगताना तोंडी लावायला तिचं नाव घेतो, एवढंच. आपल्या जिल्ह्यातल्या विठाबाई नारायणगावकर खेळाच्या मध्येच बाळंत झाल्या आणि परत फडावर उभ्या राहिल्या. लोक त्याची गंमत म्हणून गोष्ट सांगतात. २००२ साली त्या गेल्या तेव्हा त्यांच्या कष्टाचं मोल कुणी केलं होतं? शैलजा पाईक यांनी २०२२ साली इंग्रजीत 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हे पुस्तक लिहून हाच विषय मांडला. तमाशातल्या दलित बाईला 'अश्लील' कुणी ठरवलं आणि ती 'माणुसकी' कशी मागत होती, हा. ज्याला इंग्रजी येतं त्याने ते वाचून बाकीच्यांना सांगावं.

६

आता आपल्याकडे येतो.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि मराठी कवितेची सोवळी भाषा फाटली. त्याआधी १९६३ ला बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' ने कथेचं तसंच केलं होतं. हे त्यांनी जिवावर उदार होऊन केलं. मग त्यांच्या मागून आपण आलो. गेल्या वर्षी मी जयंतीच्या कार्यक्रमात एक कविता म्हटली. तिच्यात सूर्य होता, ज्वालामुखी होता, रक्त होतं, एक शिवी होती आणि शेवटी निळं आभाळ होतं. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर आजी म्हणाली, "झ्याक म्हनलास. पर ह्यात तू कुठं हाईस रं?"

मी रात्रभर जागा राहिलो. खरंच, मी कुठे होतो? बारा तास उभं राहून सुजलेले पाय त्या कवितेत नव्हते. नाकात बसलेला कापूस नव्हता. कंत्राटदाराने कापलेली हजेरी नव्हती. देवळापुढे काढलेल्या चपला तर अजिबात नव्हत्या, कारण त्या लाजेच्या होत्या आणि आपल्या कवितेत लाजेला जागा नाही. सतीशिळेवर जसा नुसता हात, तशी माझ्या कवितेत नुसती मूठ होती. वळलेली, वर केलेली, कुणाचीही असेल अशी. पाथरवटाला गिऱ्हाईक होतं, मला टाळ्या होत्या.

आणि कार्यक्रमात दुसरं काय होतं? स्टेजवर नऊ खुर्च्या, नऊ पुरुष. बाया मागे सतरंजीवर, निम्म्या स्वयंपाकात. हे कुणी ठरवलं? आम्ही विचारलं तर एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "पहिल्यापासून असंच आहे." मित्रांनो, हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. हे लिंबाच्या झाडाचं वाक्य आहे!

याचा अर्थ आपल्या सगळ्या रीती टाकून द्या असा नाही. जय भीम ही रीतच आहे, आणि रीत आहे म्हणूनच अनोळखी गावात अनोळखी माणूस त्या एका शब्दावर आपल्याला घरात घेतो. रीतीशिवाय चळवळ चालत नाही, गाणंही चालत नाही. फक्त तिची अधूनमधून झडती घेतली पाहिजे. जी रीत माणूस उभा करते ती ठेवायची. जी वाकवते ती, आपल्याच माणसाने पाडलेली असली तरी, मोडायची.

म्हणून एक काम सांगतो. आपापल्या घरातल्या, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे वही घेऊन जा. चार प्रश्न विचारा. गावात कुठे थांबावं लागायचं? भेटल्यावर काय म्हणावं लागायचं? कोणती गाणी म्हणायचा, त्यातलं कोणतं पुढे बंद केलं आणि का? कुणी जलसा बघितलाय का, त्याची वही कुणाकडे आहे का? उत्तरं त्यांच्याच बोलीत लिहा, सुधारू नका. बायांना आधी विचारा. ही माणसं आता थोडी राहिली आहेत. कर्डकांनी लिहिलं म्हणून त्यांचा जलसा उरला, हे विसरू नका. आलेल्या वह्या या अंकात छापू.

मी सुरुवात केली आहे. आजीला लिंबाच्या झाडाबद्दल विचारलं. ती म्हणाली, झाडाच्या अलीकडे थांबायचं हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं. आईला कुणी सांगितलं? आईच्या आईने. त्याआधी? आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "झाड तरी कुठं एवढं जुनं हुतं?"

तिचं हे वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

जय भीम.